दगड मांडीवर बसला

"तुला जमणार नाही" असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. माझ्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या पावरा आदिवासी मैत्रिणीने विचारलं, "ताई, माझ्या वडिलांचा दगड आणायला येशील? जड असतो हं." मी म्हटलं, "अगं, धरणगावची आहे मी. कापसाची ओझी वाहून वाढलेय."

चोपड्याच्या पुढे सातपुड्यात त्यांच्या देवाची खाण आहे. गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड तिथूनच काढायचा आणि त्याच्या शेतात उभा करायचा. वाहायचा पोटच्या मुलांनी. हिला भावंडं नाहीत, म्हणून जोडीला एक माणूस तिने निवडायचा होता. तिने मला निवडलं. वाटेत दगड जमिनीला टेकवायचा नाही. टेकला, तर तो तिथलाच झाला. मग वर्षभर दुसरा काढता येत नाही. आणि तिला वडील याच होळीआधी आईच्या दगडाशेजारी हवे होते.

तिच्या काकांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी खाणीला मोहाच्या दारूची धार सोडली, भावाचं नाव घेतलं आणि पहारीने दगड सुटा केला. हातभर लांब, काळाभोर. बांबूला बांधून दोघींनी खांद्यावर घेतला. उतार लागला आणि माझी सगळी ऐट जिरली. आई गं, काय ते वजन! आबा मोकळ्या हातांनी पुढे, आणि वर सारखं "सांभाळा, सांभाळा". असा राग आला मला!

ओढ्यापाशी तिचा पाय घसरला आणि दोर सुटला. मी बांबू टाकून दगडाला मिठी मारली आणि धपकन खाली बसले. कंबरेतून कळ गेली, पण दगड मांडीवर होता.

"टेकला का गं?" ती रडवेली झाली.

"टेकतोय कसला! मी आहे ना खाली!"

आबांनी वाकून पाहिलं आणि हसायलाच लागले. "बाई, तुना मांडीवर बसना तो. आते तुना बी बाप शे." म्हणजे आता तो माझाही बाप!

शेतात दगड उभा राहिला. शेंदूर पहिल्यांदा लेकीने लावायचा. तिने लावला आणि ताटली माझ्यापुढे धरली. "लाव ताई. आबा बोलले ना."

माझे वडील गेले तेव्हा बायका स्मशानात जात नाहीत म्हणून मला दारातच अडवलं होतं. मी भांडले, कोणी ऐकलं नाही. शेंदरात बोट बुडवलं आणि मला रडू फुटलं. आवरलं नाही मी ते.

आता दरवर्षी होळीआधी पिशवी भरली की घरचे विचारतात, कुठे निघालीस?

मी सांगते, माहेरी.