पेटीवर पराते

कार्यक्रम संपला की परातेजी पेटी बंद करता करता माझं कौतुक करायचे. फक्त ते कौतुक माझ्या गाण्याचं नसायचं. "बाई, आज माइक लय चांगला होता," किंवा, "सतरंजी साजरी होती आजची." एकोणीस वर्षांच्या साथीत त्यांनी माइक, सतरंजी, पंखे आणि एकदा स्टेजवरचा झेंडू, सगळ्यांना मनापासून दाद दिली. माझा नंबर काही लागला नाही.

मी नागपुरात बँकेत नोकरी करत होते आणि उरलेल्या वेळात गायिका होते. ही पदवी मी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. परातेजी विणकरांच्या घरातले. माग वडिलांच्या काळातच बंद पडला, म्हणून ते हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले. कंपनीच्या बसमधून उतरून, हातपाय धुऊन पेटीवर बसायचे आणि मी कुठे घसरणार हे माझ्याआधी ओळखून मला सावरून घ्यायचे. श्रोत्यांना ते कधी कळलं नाही. मलाही कळत नाही असं मी दाखवायची.

एकदा नरखेडकडच्या एका गावात संत्रा बागायतदारांचा मेळावा होता. डिंक्या रोगावरचं व्याख्यान आणि जेवण यांच्यामध्ये आयोजकांनी मला बसवलं होतं. भीमपलासाचा आलाप मोठ्या तन्मयतेने संपवला, तर समोरचे एक आजोबा उभे राहिले. मला वाटलं, फर्माईश. त्यांनी विचारलं, "मलम खोडाले किती उंच लावाचं?" एसटीत परत येताना परातेजींनी सावनेरला शेंगदाणे घेतले. मग म्हणाले, "बाई, बुढ्याचं काही चुकलं नाही. खोड खरवडा अन् मलम लावा. तुमच्या तानेले बी तोच उपाय हाय."

त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, मी इतक्या वर्षांत एकाही कार्यक्रमाला पाहिलं नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "तिले कायले आणू? घर कोण पाहीन?" मला ते पटलं. स्त्रियांनी कलाक्षेत्रात पुढे यावं, या विषयावर मी तोवर दोन भाषणं ठोकली होती, पण त्यात कुसुमवहिनींचा समावेश होतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग शहरातल्या मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम ठरला आणि मी पुण्याचा पेटीवाला मागितला. पुण्याचा माणूस शेजारी बसला की गाण्याची उंची वाढते, अशी माझी समजूत. परातेजींना फोनवर सांगितलं, "आयोजकांचाच आग्रह आहे हो." ते म्हणाले, "बरं झालं, बाई. पुण्याची हवा भरलेली पेटी आम्ही बी ऐकून घेऊ." आले, चौथ्या रांगेत बसले, शेवटपर्यंत ऐकलं आणि मला न भेटता निघून गेले. त्या दिवशी माइकसुद्धा वाईट असावा.

दोन वर्षं मी फोन केला नाही. कामं फार होती, असं मी सगळ्यांना सांगायची. मग कळलं, त्यांना पक्षाघात झाला, डावा हात गेला. पेटीचा भाता डाव्या हाताने चालवतात, हे आठवलं आणि मी दुपारीच त्यांच्या घरी गेले.

"परातेजी, पुण्याचा पेटीवाला मीच मागितला होता," मी दारातूनच सांगून टाकलं.

"मालूम हाय. खोटं बोलता तवा तुमचा सूर चढते. गाण्यात कधी चढला नाही तितला." मग म्हणाले, "बसा. गा काहीतरी."

पेटी पुढे घेऊन ते बसले आणि समोर कुसुमवहिनी बसल्या. महिनाभर त्याच भाता चालवत होत्या. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, वहिनींनी स्वतःच सुरू केलं होतं. मी गायला लागले.

"हळू वं, कुसुम. चूल नोको फुकू."

"चाळीस वर्सं तेच करून राहिली ना मी," त्या भाता न थांबवता म्हणाल्या.

गाणं संपलं. वहिनींचा हात भात्यावर तसाच होता. त्या परातेजींना म्हणाल्या, "इतलं साजरं असते हे? मंग मले एक डाव बी काहून नाही नेलं तुम्ही?"

परातेजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्ट्यांवरून हात उचलला. म्हणाले, "चुकलं वं माह्यं."

त्या हिवाळ्यात सावनेरच्या वाचनालयात माझं गाणं ठरलं. आयोजकांनी पेटीवाल्याबद्दल विचारलं, तेव्हा मी एकच नाव सांगितलं. आम्ही तिघं माझ्या गाडीतून गेलो. वहिनी मागे पेटीला धरून बसल्या होत्या, जणू ती खाली पडेल. श्रोते तीसेक असतील. परातेजींचा तो शेवटचा कार्यक्रम. उन्हाळा लागायच्या आत ते गेले.

त्या दिवशी मंचावर वहिनी भात्यापाशी बसल्या. निवेदकाने माझी ओळख नको तितकी लांबवली आणि मग वाचलं, "पेटीवर, श्री. पराते."

मी तोंड उघडलं होतं. परातेजींनी उजवा हात लांब करून माझ्या पुढ्यातला माइक स्वतःकडे ओढला.

"अन् सौ. कुसुम पराते," ते निवेदकाला म्हणाले. "लिहून घ्या पहिले. मंग सुरू करतो."