बिनकाचेचा कॅमेरा

माझा धाकटा भाऊ पोपट भित्रा. उगाच कशाला झाकू? सशाचं काळीज घेऊन जन्माला आलेला. घाटाच्या पायथ्याशी शिळफाट्याला त्याचं फोटोचं दुकान, पण रस्ता ओलांडायचा तर मला हाक मारायचा, "आक्का, चल गं माझ्यासंगती." तिशी उलटलेला बाप्या!

पण त्या रस्त्याला मीसुद्धा भ्यायची, खोटं नाय सांगत. अठ्ठावन्न-एकोणसाठची गोष्ट. पुण्याकडनं घाट उतरणारे डायवर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचे. भरलेला ट्रक, आन् आवाज म्हणून नाय! वळणावर मागं बघावं तर मेला अंगावर आलेला. आमच्या वाडीतली हिरू तशीच गेली, डोक्यावर गवताचा भारा होता.

पंचनाम्याला फौजदारानं पोपटला फोटो काढायला बोलावलं. तीन पायांचा कॅमेरा, वर काळं फडकं. हा डोकं आत घालून उभा, मी बाजूला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, वरनं येणारी प्रत्येक गाडी इंजिन चालू करून हळू होत होती. डायवरांना वाटत होतं, आपल्या नंबराचा फोटो निघतोय.

झालं! वाडीतल्या बायांनी पोपटला धरलं, "पोरं शाळेला जातात तेवढा वेळ उभा ऱ्हा रं बाबा." हा पांढराफटक. "फोटो ज्यावर उमटतो त्या काचा रोज कुठनं आणू?"

"मग नको घालू काच," मी बोलले. "रिकामाच उभा कर. त्यांना काय कळतंय?"

तर हा रोज सकाळी वळणावर. डोकं फडक्यात, म्हंजे दिसत नाय, नीट ऐकू येत नाय. मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून घाटाकडं डोळं लावून उभी. तो आतनं विचारायचा, "आक्का, आली काय गं?" "नाय रं, गप उभा ऱ्हा." पोरं पलीकडं गेली की आमी दोघं मटकन खाली बसायचो. पण त्या साली वळणावर कोणी मेलं नाय.

मग एक दिवस एक ट्रक पुढं जाऊन थांबला. डायवर उतरला, हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी. "माझा फोटू दे. आधीच एक केस हाय माझ्यावर. दे, नायतर डोकं फोडीन!"

पोरं कडेला उभी. एवढंच बोलायचं होतं, की बाबा, रिकामा हाय, उघडून बघ. भाऊ सुटला असता. पण संध्याकाळपर्यंत घाटातल्या प्रत्येक डायवरला कळलं असतं, आन् उद्यापासनं गाड्या पुन्हा मुक्या. तरी मी तोंड उघडलं. काय करू, पाठचा भाऊ तो माझा! तर पोपटनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

"फोटो निघालाय," तो बोलला. "मी देणार नाय."

डायवरनं टॉमी उचलली. मी डोळं गच्च मिटलं. खाड्! आवाज लाकडाचा होता. बघते तर कॅमेऱ्याच्या चिरफळ्या, आन् तो मुडदा त्यांवर लाथा घालतोय. मग गाडीत बसून गेला.

पोपट धुळीत बसला. पायजमा ओला झालेला. पोट भरायचं साधन मोडून पडलेलं. मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत होते आन् शिव्या देत होते, त्याला का डायवरला, माझं मलाच ठाऊक नाय.

चिरफळ्या गोळा करता करता तो बोलला, "आक्का, उद्या काय घेऊन उभा ऱ्हाऊ गं?"

जीव एवढासा झाला माझा. त्याला धरून घरी न्यावं आन् दाराला कडी घालावी, हेच मनात. पोरं अजून कडेलाच उभी होती, आमच्याकडं बघत.

"घरात रॉकेलचा चौकोनी डबा हाय," मी बोलले. "वर काळं फडकं टाकू."