नको म्हटलेली वायर

आमच्या गल्लीत त्याला कागदवाला म्हणतात. धंद्याने तो वायरमन. पण घरातलं काम संपलं की हा गृहस्थ मेन बोर्डाच्या झाकणाला आतल्या बाजूने एक कागद चिकटवतो. वर तारीख, मग काय काय केलं ते, आणि त्याखाली काय केलं नाही ते. हो, न केलेलंसुद्धा! केलेल्या कामाची शेखी कोणीही मिरवेल, न केलेल्याची यादी लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. खाली सही ठोकतो, फोन नंबर लिहितो आणि सायकलला शिडी बांधून चालू लागतो.

मी शिवणकाम करते. कोट, जाकिटं, गणवेश. एकवीस वर्षं झाली. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान आणि माझे वडील म्हणजे माझं इस्त्रीखातं. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यावर इस्त्री त्यांनी स्वतःहून मागून घेतली. "नुसता बसून राहिलो तर गंज चढेल मला," म्हणाले. आणि खरं सांगते, कोटाची बाही त्यांच्यासारखी कोणाला जमत नाही. छापखान्याची एक खोड मात्र अजून आहे. हाताला लागेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि वाचून झालं की कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची बारीकशी खूण करायची. पेपर, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, लाइटचं बिल, काही म्हणून सुटत नाही.

तर गेल्या वर्षी पुढच्या खोलीतले दिवे मान टाकायला लागले. मशीन जोरात चालवली की दिवा मिणमिणायचा आणि सुईत दोरा ओवताना माझा जीव जायचा. म्हटलं, एकदा सगळी वायरिंग बदलून टाकू. दोघांना बोलावलं. पहिला दारातच उभा राहिला, बोटाने पॉइंट मोजले, तोंडावर भाव फेकला आणि गेला. पाच मिनिटं. दुसरा हा कागदवाला. तो तासभर घरात फिरला. प्रत्येक बोर्ड उघडून बघितला, मागच्या अंगणात जाऊन भिंतीचा पाया बघून आला. पाणी विचारलं तर म्हणाला, "भाव सांगितल्यावर घेतो, ताई. आधी घेतलं की मला भिडस्तपणा येतो."

आणि मग जो आकडा सांगितला, तो पहिल्याच्या दीडपट!

"अहो, पॉइंट तेवढेच आहेत की," मी म्हटलं. "तुम्ही काय वेगळे मोजता?"

"पॉइंट तेवढेच आहेत. पण तुमच्या घराला अर्थिंगच नाही. मागे खड्डा घ्यायचा, त्यात सळई ठोकायची, तिथून जाड वायर बोर्डापर्यंत आणायची. इस्त्रीत आतून काही बिघडलं आणि करंट बाहेरच्या लोखंडात उतरला, तर तो त्या वायरीने जमिनीत जातो. वायर नसली तर माणसातून जातो."

मी तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते. टेप तोंडात धरूनच बोलले, "म्हणजे पैसे मोजायचे आणि खड्ड्यात पुरायचे! एकवीस वर्षं तीच इस्त्री चालली आहे, कोणाला काही झालंय का?" गिऱ्हाईक हसलं. मला आणखीच चेव आला.

तो हसला नाही. "मजुरी कमी होणार नाही, ताई. काम कमी करता येईल. अर्थिंग नको असेल तर तेवढे पैसे कमी. पण मग इस्त्रीच्या पॉइंटला मी हात लावणार नाही, आणि इस्त्री इथे लावायचीही नाही."

"नका लावू हात. तो चांगला चाललाय."

"इस्त्री लावू नका," तो पुन्हा म्हणाला. जाताना दारातून तिसऱ्यांदा म्हणाला. मी मान हलवली, पण मनात गिऱ्हाइकाच्या खांद्याचे आकडे होते.

काम त्याने देखणं केलं. दिवे लख्ख झाले, मशीनचा आवाजसुद्धा बदलला. आणि पैसे तर जवळजवळ पहिल्याच्या भावात! आपण कसा बरोबर भाव पाडला, हे मी त्या दिवशी येईल त्याला ऐकवलं. बाबा शेजारी उभे राहून ऐकत होते. कागद त्याने नेहमीसारखा चिकटवला. म्हटलं, चिकटवू दे, त्याची हौस. झाकण उघडून वाचलं मात्र नाही.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाशी माझं वाजलं. कोटाच्या अस्तराचे पैसे वेगळे कशाला, म्हणून तो वाद घालत होता. मी त्याला चांगला झापला. "अस्तर आत असतं, दिसत नाही, म्हणून काय ते फुकट येतं? ते नसेल तर दोन महिन्यांत कोटाचं पोतेरं होईल!" बाबांनी इस्त्री करता करता माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. कुठचं काय!

त्याच सुमाराला बाबांनी एक नवीनच टूम काढली. इस्त्रीला उभे राहिले की पायात रबरी चपला. खोलीत तयार कपडे टांगलेले, खाली चादर अंथरलेली, आणि हे चपला घालून मध्ये! मी दोनदा कुरकुरले. "फरशी गार लागते गं," म्हणाले. वय झालं, लागत असेल, म्हणून सोडून दिलं.

चार महिने असेच गेले. मग एका वाद्यवृंदाची पांढऱ्या जाकिटांची ऑर्डर आली. चाळीस नग, पांढरेशुभ्र. सकाळी मी फरशी पुसून काढली आणि बाबा चपला घालून आले. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, आज नाही हं! एक डाग पडला तर आख्खं जाकीट मला भरून द्यावं लागेल. काढा त्या."

"राहू दे गं पोरी. मी कडेकडेने उभा राहतो."

"काढा म्हणते ना!"

त्यांनी इस्त्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चपला काढल्या, नीट जोडीने दाराबाहेर ठेवल्या आणि अनवाणी आत आले.

तिसऱ्या जाकिटाला मला एक आवाज ऐकू आला. ओरडणं नव्हतं ते, घशात अडकल्यासारखं काहीतरी. वळून बघते तर बाबांचा हात इस्त्रीच्या दांड्याजवळच्या पत्र्याला चिकटलेला आणि सगळं अंग थरथरतंय. मी बटणावर झडप घातली. ते मागे टेबलावर कोसळले. डॉक्टर म्हणाले, अगदी थोडक्यात निभावलं. तळवा भाजला होता आणि दोन दिवस उजव्या हाताला काही कळत नव्हतं. मला घास भरवावा लागला. बाही इस्त्री करणारा तो हात माझ्या हातात नुसता पडून होता. मी दारामागे जाऊन रडून घेतलं.

आणि मग मला राग आला. माझं असंच आहे, भीती वाटली की राग येतो. कागदवाल्याला फोन लावून जे सुटेल ते बोलले. तो अर्ध्या तासात आला. दारात पहिला प्रश्न, "बाबा कसे आहेत?"

"जिवंत आहेत, तुमच्या कृपेने! कसली वायरिंग केलीत तुम्ही?"

त्याने मेन बोर्डाचं झाकण उघडलं आणि तो बाजूला झाला. मी वाचलं. वर केलेल्या कामाच्या सात ओळी. खाली लिहिलं होतं: "अर्थिंग केलेलं नाही. मालकीणबाईंनी नको सांगितलं. इस्त्रीच्या जुन्या पॉइंटला हात लावलेला नाही. तिथे इस्त्री लावू नये, धोका आहे."

आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली बरोबरची बारीकशी खूण.

फरशी गार लागते म्हणे! चार महिने त्या रबरी चपला पायात घालून हा माणूस माझ्या गिऱ्हाइकांचे कोट कडक करत होता, आणि त्या चपला मी काढायला लावल्या. एका डागापायी.

आत गेले. बाबा पलंगावर टेकून बसले होते.

"तुम्ही वाचलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर सरळ केला. "किती खूश होतीस त्या दिवशी. आख्ख्या गल्लीला सांगत होतीस. म्हटलं, कशाला विरजण घालायचं. चपलांनी भागत होतं."

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की आतल्या कामाची किंमत करा, आणि माझ्याच घरात मी नुसते पॉइंट मोजत बसले होते.

बाहेर येऊन कागदवाल्याला म्हटलं, "अर्थिंगचे आता किती?"

"तेव्हा सांगितले होते तेवढेच."

"थोडे जास्त घ्या हो. मी फोनवर काय काय बोलले तुम्हाला."

"शरमेचे वेगळे पैसे लावत नाही मी," तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदाच आपणहून म्हणाला, "पाणी द्या."

दुसऱ्या दिवशी त्याने मागे खड्डा घेतला, सळई ठोकली, जाड वायर भिंतीच्या कडेने आणली. इस्त्रीही उघडून दुरुस्त केली. इस्त्रीचा पॉइंट नवा बसवला आणि जुना कागद काढून नवा लावला. बाबा चष्मा लावून गेले, सगळा वाचला आणि डाव्या हाताने वेडीवाकडी खूण केली.

तीन आठवड्यांनी पट्टी सुटली. राहिलेली जाकिटं टेबलावर होती. बाबा अनवाणी आले आणि इस्त्रीकडे हात नेऊ लागले. मी मशीनवरून उठले, दाराबाहेरच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या.

"आता कशाला? झालं ना वायरीचं?"

"असू देत. घाला."

"अगं, कपडे पांढरे आहेत. डाग पडेल."

"पडू दे," मी म्हटलं, आणि खाली बसून त्यांचा एक एक पाय चपलेत सरकवला.