अजीजभाईंची अर्धी ओळ

नांदेडच्या इतवाऱ्यात अजीजभाईंचं चष्म्यांचं दुकान होतं, पण त्यांचं खरं काम रोज सकाळी गुंडप्पाच्या हॉटेलात चालायचं. तिथं ते पेपर वाचून दाखवत. एक मराठी, एक उर्दू. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत होतं. पण दुसरा कुणी आपणहून वाचतोय म्हटल्यावर स्वतःच्या डोळ्यांना कशाला शिणवा, असा त्यांचा रोकडा विचार. उदगीरहून येऊन इथं हॉटेल टाकलेला गुंडप्पा पंख्याखालची खुर्ची अजीजभाईंसाठी राखून ठेवी. एवढ्या मानावर अजीजभाई स्वतःला शहराचं वर्तमानपत्र समजत.

गेल्या थंडीत एकदा त्यांचं डोकं भयंकर दुखलं, उलट्याही झाल्या. आदल्या दिवशी मेहुणी सबिहाकडे बिर्याणी झाली होती, तेव्हा सगळं खापर सबिहावर फोडून ते दोन दिवस झोपून राहिले आणि मग पेपर वाचायला पुन्हा हजर झाले. त्यानंतर त्यांच्या बातम्यांना वेगळीच चव आली.

विष्णुपुरी धरणाचे सर्व दरवाजे उघडल्याचं छापून आलं, त्या दिवशी अजीजभाईंनी ठणकावून वाचलं, "कंधारच्या किल्ल्याचे सर्व दरवाजे उघडले." शेजारचा कापडवाला चंद्रप्पा बायकोपोरांना घेऊन कंधारला गेला, किल्ला हिंडून आला आणि म्हणाला, "हाव, उघडेच होते." नळ बंद राहणार होते, तेव्हा अजीजभाईंनी शाळा बंद केल्या. पोरं खुशीत घरी राहिली, घरात पाणी कसं नाही म्हणून आया चिडल्या, पण पेपर तपासून पाहावा असं कुणाच्या मनात आलं नाही. बातम्या एरवी जितक्या खऱ्या वाटत, तितक्याच याही वाटत होत्या.

घरी बायकोचं, हसीनाचं, वेगळंच दुखणं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राही आणि अजीजभाई विचारत, "आज भाजी केली न्हाई का?" आपल्या हाताला नावं ठेवायची ही नवी तऱ्हा, असं हसीना समजली. डावा खांदा चौकटीला धडकला की अजीजभाई सुताराला बोल लावत. दुकानातले सगळे नंबर त्यांनी स्वतःला लावून पाहिले आणि शेवटी काचाच बोगस येतात असा निकाल दिला.

अशात लातूरची तनुजा नांदेडला आली. माणूस वाचतो कसा, यावर ती संशोधन करत होती. तिला दोन लिप्या वाचणारी माणसं हवी होती: डावीकडून जाणारी मराठी आणि उजवीकडून येणारी उर्दू. गुंडप्पानं हातातल्या किटलीनंच अजीजभाईंकडे खूण केली.

"बेटा," अजीजभाई म्हणाले, "माझ्यासारखा वाचणारा अख्ख्या नांदेडात मिळायचा न्हाई." त्यांच्या तोंडून इतकं खरं वाक्य बऱ्याच महिन्यांत निघालं नव्हतं.

कॉलेजातल्या एका खोलीत तनुजानं त्यांना पडद्यासमोर बसवलं, हनुवटी एका आधारावर टेकवली. "वाचताना नजर सरकत नाही, चाचा. उड्या मारते. कुठल्या शब्दावर टेकली ते हा कॅमेरा टिपतो."

वाचून झाल्यावर तिनं पान पडद्यावर आणलं. नजर जिथं टेकली तिथं ठिपके होते. पानाचा उजवा अर्धा भाग ठिपक्यांनी भरलेला, डावा कोरा. मराठीत ओळीची सुरुवात गायब, उर्दूत शेवट. तनुजानं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. तेच. तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, "असला माणूस काढून टाक, आलेख बिघडतो." सरांचा आलेख आजवर कुठल्याही माणसानं बिघडवलेला नव्हता.

तनुजानं काढून टाकलं नाही. "चाचा, या पानावर ठिपके कुठं दिसतात?"

"समदीकडं हायेत की."

मग तिनं एक ओळ लावली: शबानाने अंगणात लिंबाचं झाड लावलं. अजीजभाईंनी वाचलं, "मशिदीमागं लिंबाचं झाड लावलं."

तिनं त्यांचं बोट धरून ओळीच्या टोकाला नेलं. बोटामागं मान वळली आणि अजीजभाई थबकले. "ही शबाना आत्ता आली," ते हळूच म्हणाले. "मघाशी नव्हती."

संशोधनात मेंदूचं चित्रण होतंच. लातूरच्या एका खासगी सेंटरमध्ये ते व्हायचं, हसीनाही बसनं सोबत आली. यंत्रात जाण्याआधी अजीजभाईंनी विचारलं, "याच्यात मनातलं बी दिसतं का?"

"नाही चाचा, फक्त मेंदू दिसतो."

"मग दिसण्यासारखं काय ऱ्हायलं," हसीना म्हणाली.

पत्र्यावर हातोडे पडावेत तशा आवाजात ते पडून राहिले. डॉक्टरांनी चित्रं पाहून सांगितलं, की मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ होऊन गेलीय, जुनी आहे, थंडीतलीच असणार. "डोळे ठीक आहेत. डावीकडे काही आहे, याचंच मेंदूला भान राहत नाही. मग उरलेलं तो आपल्या मनानं भरतो, आणि माणसाला वाटतं आपण वाचलं." बिर्याणी निर्दोष सुटली. हसीनानं बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला.

अजीजभाईंनी हातातली टोपी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "इतके दिवस मी लोकांना काय वाचून दाखवलं? आन कुणीच काही बोललं न्हाई?" गाठीपेक्षा त्यांना हेच जास्त लागलं होतं.

रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. हसीना रोज सकाळी पेपरच्या डाव्या कडेला तांबडी रेघ ओढून देई. मराठीत ती रेघ सापडल्याशिवाय सुरुवात करायची नाही, उर्दूत सापडल्याशिवाय ओळ सोडायची नाही. महिने गेले तेव्हा अजीजभाई पुन्हा पुरी ओळ वाचू लागले. सावकाश आणि बिनचूक. हॉटेलातली गर्दी पांगली.

"तब्येत सुधारली ते लई चांगलं झालं," गुंडप्पा म्हणाला, "पन पेपर पडला बघा."

काढून टाकायचा तो माणूस सरांनी दोन परिषदांमध्ये 'आमचा महत्त्वाचा शोध' म्हणून मांडला. तनुजाचं नाव निबंधाच्या शेवटच्या पानावर होतं, तेही डावीकडे, बारीक अक्षरात.

डॉक्टरांनी हसीनालाही काम नेमून दिलं होतं: नेहमी नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसायचं आणि बोलायचं. हा उपचार तिनं एक दिवसही चुकवला नाही. मुदखेडच्या भाचीचं लग्न कसं ठरलं, ते ती एकदा अगदी सुरुवातीपासून सांगत होती. अजीजभाई उजवीकडच्या भिंतीकडे बघत होते. हळूहळू त्यांनी मान वळवली.

"बोल," ते म्हणाले, "दिसून राहिली."