कॉन्टेसाचं काय करायचं

माझ्या बापाची पांढरी कॉन्टेसा गाडी आमच्या टेमघरच्या अंगणात चौदा वर्षं उभी होती, आणि तिचं करायचं काय, हे मला मागच्या वर्षात एकदाही धड ठरवता आलं नाही. सकाळी वाटायचं, दुरुस्त करावी. दुपारी वाटायचं, कुणाच्या तरी गळ्यात मारावी. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं की मी त्याच्यावरच खेकसायचे, "मला काय विचारता? मी काय मेकॅनिक आहे?" मग तो गप्प बसायचा.

ते गप्प बसणं हेच त्याचं दुखणं होतं. घरामागच्या शेडमध्ये कापड विणायचे आमचे बारा लूम होते. धंदा बसत गेला, आणि मागच्या उन्हाळ्यात बाराच्या बारा भंगारात गेले, वजनावर. कुठला लूम कण्हतोय हे आवाजावरून सांगणारा माणूस वजनकाट्याशेजारी हात मागे बांधून उभा राहिला. त्या दिवसापासून जो बसला तो बसलाच. दहा वाजले तरी अंथरुणात. दाढी नाही, कुणाकडे जाणं नाही. कुठे लग्नाला चला म्हटलं तर "तू जा." मी वरून चिडचिड करत होते, पण खरं सांगते, मी घाबरले होते. हा माणूस असाच झिजून जाणार असं वाटायचं.

मग एका सकाळी सहाला उठून बघते तर अंथरूण रिकामं. पदर खोचून बाहेर धावले, तर हा कॉन्टेसाचं बोनेट उघडून आत वाकलेला. मला बघून म्हणाला, "इंजिन जाम आहे गं." कित्येक महिन्यांत न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्यानंतर रोज सहाला उठू लागला. इंजिनात तेल सोडायचं, वाट बघायची, मोठा पाना लावून नखभर फिरवायचं, परत तेल. पंधराएक दिवस हेच. मी म्हणायचे, "काय ते एकाच नटाशी भांडताय!" पण मनातून गोड वाटायचं. एकदा मी भाकरी थापत होते, तर बाहेरून हाक, "अगं, फिरलं! फिरलं!" पिठाच्या हातांनी पळाले. घामाने निथळत होता आणि हसत होता. म्हणाला, "करूया का ही? नीट, रस्त्यावर पळेल अशी?"

आणि तिथेच माझं घोडं अडलं. लुमांचे जे काही पैसे आले होते ते बँकेत, त्याच्यावरच घर चाललेलं. त्यातून गाडीला काढून काढून किती काढणार? आणि नाही म्हणावं, तर हा परत अंथरुणात. इकडे आड, तिकडे विहीर.

दापोड्याला भावाला फोन केला. माहेरची शेती गोदामांना विकली गेली तेव्हा बापाने हौसेने ही गाडी घेतली होती. लांबलचक बोनेट, गल्लीत वळायची नाही, पण बाप त्या स्टिअरिंगमागे बसला की गावचा पाटील वाटायचा. तो गेल्यावर भावाने नवी उंच गाडी घेतली आणि ही "तुझी लाडाची" म्हणून माझ्या दारात आणून लावली. तोच भाऊ आता म्हणतो, "येडी हाय का तू? त्या डबड्यात पैसा घालायचा न्हाय. दाजींना गाडीतलं काय कळतंय?" मला असा राग आला! अगदी तसंच मीही आदल्या रात्री म्हटलं होतं, पण भावाने म्हटल्यावर सहन होईना. "त्यांना काय कळतंय ते तुला काय कळतंय!" म्हणून फोन आपटला. आणि फोन आपटल्यावर वाटलं, बोलतोय ते खरंच आहे.

शेवटी नवराच उठला, शर्ट घातला आणि रिक्षाने जाऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांना घेऊन आला. त्यांनी आयुष्यभर जुन्याच गाड्या केलेल्या. चाचा गाडीभोवती एक चक्कर मारून खाली सरकले. मी पायाशी उभी. त्यांनी खालून पत्र्यात पेचकस टोचला, तर तो पापडात घुसावा तसा घुसला. दुसरीकडे टोचला, तिथेही तेच. बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाले, "भाभी, ऊपर से दुल्हन है, नीचे कुछ बचा नहीं. इसको धोता कौन था?"

"मी!" मी छाती फुगवून सांगितलं. दर दसऱ्याला. नळी लावून आतून-बाहेरून धुवायचे, सीटखालीसुद्धा. मग हळद-कुंकू, झेंडूचं तोरण, पुढे नारळ. आणि पूजा झाली की बापाच्या गाडीला धूळ लागू नये म्हणून लगेच जाड प्लॅस्टिकने गुंडाळून कडेने दोरी आवळायची. आत वारा शिरणार नाही अशी! माझ्यासारखी गाडी कुणी जपली नसेल म्हणून मी जावांना ऐकवायचे.

चाचांनी कपाळाला हात लावला. "गीली गाडी पे प्लास्टिक? भाभी, आपने तो इसका अचार डाल दिया."

करायला गेले गणपती, झाला मारुती! चौदा वर्षं बापाची गाडी मीच कुजवली होती, तीही पूजा करून. रडू यायच्या आधी राग आला आणि तो निघाला नवऱ्यावर. "तुम्ही दरवर्षी बघत होतात ना? एकदा बोलायला काय झालं होतं?"

तो हळूच म्हणाला, "मला तरी कुठे ठाऊक? लूम आपण कधी धुतले? तेलाच्या फडक्याने तर पुसायचो." मग चाचांना विचारलं, "खर्चा?"

"तळ पूरा नया डालना पडेगा. आपके बजट में नहीं बैठेगा, भाईजान. झूठ क्यूँ बोलूँ."

नवऱ्याने मान हलवली. फडक्याला हात पुसले, बोट न् बोट, सावकाश. मग घराकडे वळला. ती पाठ बघून माझा धीरच सुटला. मी ओरडले, "करायची म्हणजे करायची! पैसे मी आणते!" कुठून आणणार, देव जाणे.

चाचांनी ऐकलंच नाही. ते बोनेटखाली वाकून कार्ब्युरेटरशी काहीतरी निरखत होते. तिथली एक पट्टी तुटली होती, ती नवऱ्याने लूमच्या उरलेल्या पत्र्यातून कापून, घासून बसवली होती. चाचांनी ती बोटाने मागेपुढे हलवली. "ये किसने बनाया? और इंजन किसने छुडाया?"

नवरा पायरीवर थांबला. "मैंने."

चाचा त्याच्याकडे वळले. म्हणाले, "ये गाडी छोडो. मेरे पास गाडियाँ बहुत हैं, हाथ नहीं हैं. लडके लोग पार्ट बदलना जानते हैं, बनाना नहीं. कल से आओगे?"

माझं डोकं फिरलं. "अहो चाचा, आमच्याकडे आठ माणसं कामाला होती! हे मालक आहेत, मालक. दुसऱ्याकडे ड्युटीला..."

"तू थांब," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता. मग चाचांना विचारलं, "कितने बजे?"

गाडीचं मग चाचांनीच सुचवलं. त्यांच्याकडे एक कॉन्टेसा होती, तळ शाबूत पण इंजिन गेलेलं. आमच्या गाडीचं इंजिन, दारं, काचा तिला लावता येतील म्हणाले. मी "न्या" म्हटलं. लगेच "नको" म्हटलं. मग पुन्हा "न्या." टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत ती फाटकाबाहेर निघाली तेव्हा मी रस्त्यातच ढसाढसा रडले. बापासाठी रडले की नवरा नोकर झाला म्हणून की तो उठला म्हणून, मला आजही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळ करून, दाढी करून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. नव्या पोरासारखा संकोचून म्हणाला, "डबा देशील ना?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी दुपारचं घराबाहेर जेवला नव्हता, शेड घरामागेच होती. मी फळीवरची सगळी भांडी खाली काढली. घरात डबाच नव्हता.