पाडून पाहणाऱ्या डॉक्टरीणबाई

मोटरसायकलला नवीन भाग बसवला की आमच्या डॉक्टरीणबाई लगेच गाडी सुरू करायच्या नाहीत. आधी ती दवाखान्यामागच्या मुरमाड जागेत न्यायच्या, हँडल दोन्ही हातांनी धरायच्या, एक पाऊल मागं सरकायच्या आणि गाडी सरळ सोडून द्यायच्या. धाडकन आवाज व्हायचा. धूळ बसेपर्यंत बाई कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि मग म्हणायच्या, "चला भाऊ, काय काय मोडलं ते पाहू."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी धावत गेलो. मला वाटलं, बाईंच्या हातून सुटली.

"सुटली नाही, सोडली," त्या म्हणाल्या. "डोंगरात तं ते पडणारच हाये. तिथं मोडण्यापेक्षा इथं मोडलेली काय वाईट?"

मी तेव्हा देऊळघाटच्या अलीकडल्या एका गावी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होतो. आमच्या हद्दीतली अर्धी गावं सडकेवर आणि अर्ध्या वस्त्या वर अजिंठ्याच्या डोंगरात. आधीचे डॉक्टर सडक संपली की थांबायचे आणि जनावर खाली आणा म्हणून निरोप द्यायचे. आजारी म्हैस डोंगर उतरून येणार कशी, हे कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी ते आल्या आल्या विचारलं. उत्तर मिळेना, तेव्हा त्या एक उंच, सडपातळ, दगडधोंड्यांतून चालवायची मोटरसायकल घेऊन आल्या.

बाई पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या, माहेर मलकापूरचं. गाडी उंच असल्यामुळे चढण्याआधी त्या ती दवाखान्याच्या ओट्याला लावायच्या. गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. बाई त्यांच्याकडे पाहून आणखी मोठ्यानं हसायच्या. अशा माणसाची चेष्टा फार दिवस करता येत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

दुकानातून आलेली गाडी जशीच्या तशी डोंगरात चालणार नाही, हे त्यांना पहिल्या फेरीतच कळलं. मग सुरू झाली ती निवड. टायर कोणते घ्यावे यावर मोबाईलमध्ये त्या तासन् तास व्हिडिओ पाहायच्या आणि शेवटी मान हलवायच्या. "हे सारे वाळूत चालवून राह्यले. आपली काळी माती यायले कुठं माहीत हाये!"

पहिले आणलेले टायर मोठ्या रबरी गुठळ्यांचे, दिसायला जबरदस्त. बाईंनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून ओलिताचं वावर मागून घेतलं आणि भर चिखलात गाडी घातली. थोडं अंतर गेली न गेली, तोच गुठळ्यांच्या मधल्या फटी मातीनं भरल्या आणि दोन्ही चाकांचे लाडू झाले. गाडी जागच्या जागी घुमू लागली. मी मागं बसलो होतो. माझा शर्ट कोणत्या रंगाचा होता ते घरी बायकोला सांगावं लागलं. पुढच्या वेळी त्यांनी गुठळ्या दूरदूर असलेले टायर आणले. माती लागली की चाक फिरता फिरता ती झटकली जाई. बाईंनी त्या वावरात दोन चकरा मारल्या आणि उतरून टायरला थोपटलं, बैलाच्या पाठीला थोपटावं तसं.

सायलेन्सरच्या बाबतीत मात्र त्या फसल्या. हलका, भारी आवाजाचा सायलेन्सर त्यांनी मोठ्या हौसेनं बसवला. पहिल्याच गोठ्यासमोर गाडी थांबली आणि आतल्या गाईनं दावं तोडून पोबारा केला. गाईच्या मागं मालक, मालकाच्या मागं मी. परत आलो तर बाई सायलेन्सरकडे पाहत होत्या.

"मी जनावराची डॉक्टर, अन् जनावरच मले पाहून पळून राह्यलं," त्या म्हणाल्या. "काढा हे भोंगं."

इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून पोलादी पत्रा हवा होता. तो देऊळघाटच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी ट्रॉलीच्या जुन्या पत्र्यातून ठोकून दिला. मजबूत होता, पण खडखड असा करायचा की पुन्हा गाईंचा प्रश्न आला. चाचांनी जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून मध्ये घातल्या आणि खडखड थांबली.

"अब देखो डाक्टरनबाई, बिल्ली के माफिक जाएगी," चाचा म्हणाले.

बाईंनी आभार मानले आणि त्यांच्या देखत गाडी दुकानासमोर आडवी पाडली. चाचा 'या अल्ला' म्हणत खालीच बसले.

सगळ्यात मजा आली ती मागच्या कॅरिअरच्या वेळी. लशीचा थंड डबा त्यावर बांधायचा होता आणि आतल्या बाटल्या फुटता कामा नव्हत्या. बाईंनी डब्यात अंडी भरली आणि नाल्याच्या कोरड्या पात्रातून गाडी पळवली. परत येऊन डबा उघडला की जे काय असेल त्याचं दवाखान्यातल्या स्टोव्हवर आम्लेट व्हायचं. कधी पट्टा बदलला, कधी डब्याखाली फोम घातला, तरी आम्लेट चालूच. ज्या दिवशी सगळी अंडी अख्खी निघाली त्या दिवशी बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "मॅडम, आणखी एकदा पाहून घ्यायचं का? खात्री केलेली बरी."

"खात्री कराची, का आम्लेट खाचं?" त्यांनी विचारलं.

आमचं भांडण झालं ते एकाच वस्तूवरून. मागच्या चाकाचं दातेरी चक्र त्यांनी मोठं बसवलं. त्यामुळे चढावर गाडी हळू पण जोरात ओढायची, सडकेवर मात्र पळेना. एक दिवस कापसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. वर ट्रॉलीत बसलेल्यांनी हात हलवले.

"मॅडम, जुनं चक्र लावा," मी म्हणालो. "लोक हसून राह्यले."

"सडकेवर आपल्याले काय घाई हाये?" त्या म्हणाल्या. "सडकेवरचे लोक आपल्याले बोलवतच नाहीत."

त्या पावसाळ्यात एके सकाळी वरच्या वस्तीवरून सुभद्राबाईचा फोन आला. तिच्या घरात एकच म्हैस होती आणि तिच्या दुधावर घर चालायचं. म्हैस आदल्या संध्याकाळपासून विण्यासाठी अडली होती. रात्रभर पाऊस पडला होता आणि नेहमीच्या वाटेवरच्या नाल्याला पूर होता. उरली ती मागची, घळीतून जाणारी बकऱ्यांची वाट. तिथून गाडी कधी गेली नव्हती.

घळीच्या तोंडाशी बाई थांबल्या. वर ओल्या दगडांचा नुसता चढ दिसत होता.

"भाऊ, मले भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"मग परत जाऊ, मॅडम."

"तसं नाही म्हटलं मी. भेव वाटते, एवढंच सांगतलं. तुम्ही उतरा, औषधाचा डबा घेऊन पायी या. मी येतो."

बायांनीही 'मी येतो' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. त्या फूटरेस्टवर उभ्या राहिल्या आणि गाडी चढू लागली, हळूहळू, दगडामागून दगड धरत. मध्यावर एक दगड सरकला. गाडी आडवी झाली आणि बाई तिच्यासोबत बाभळीत गेल्या. मी ओरडत वर धावलो.

"माह्याकडं काय पाहता? डबा पाहा!" काट्यांतून आवाज आला.

डबा माझ्याच हातात होता. बाईंच्या गालावर ओरखडा होता, पण हँडलच्या मुठींपुढं बसवून घेतलेल्या लोखंडी जाळीमुळे बोटं शाबूत होती. क्लचचा दांडा शाबूत होता. इंजिनाखालच्या पत्र्याला मोठा पोचा आला होता, तेलाचा मात्र थेंबही खाली नव्हता. आम्ही दोघांनी गाडी उचलली. एका किकमध्ये ती सुरू झाली आणि त्या मोठ्या चक्राच्या जोरावर बाई राहिलेली चढण चढून गेल्या. सडकेवर हसणाऱ्यांना मी तिथं मनातल्या मनात काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

म्हैस आडवी पडून होती. रेडकाची मान आत मागं वळली होती. बाईंनी ओढणी कमरेला खोचली, हात साबणानं धुतला आणि खांद्यापर्यंत आत घातला. कितीतरी वेळ त्या डोळे मिटून, म्हशीच्या अंगाला गाल टेकवून पडून होत्या. म्हशीनं कळ दिली की थांबायच्या, कळ ओसरली की पुन्हा प्रयत्न. शेवटी म्हणाल्या, "आली मान. पिलाच्या पायाले दोरी बांधा अन् कळ आली का ओढा." मी आणि सुभद्राबाईनं दोरी ओढली. चिखलात एक ओलं, काळं रेडकू येऊन पडलं, मादी, म्हणजे वगार. ती हलेना. बाईंनी तिच्या नाकात गवताची काडी घातली. वगार शिंकली, आणि सुभद्राबाई रडत रडत हसू लागली.

चहा पिताना तिनं गाडीकडे बोट दाखवलं. "बाई, हे तुमची गाडी हाये का रेडा?"

"आमचंच अजून ठरलं नाही," बाई म्हणाल्या.

दोन वर्षांनी त्यांना बढती मिळाली आणि बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. जाताना निरोपाची भाषणं त्यांनी अर्ध्यात थांबवली, कारण पाऊस येण्याआधी त्यांना घाट उतरायचा होता. हार गळ्यातच ठेवून त्या गेल्या. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ येत होता.

नवे डॉक्टर तरुण आहेत, चालायला कंटाळत नाहीत. गेल्या महिन्यात लसीकरणासाठी त्यांच्यासोबत मी त्याच घळीतून पायी वर गेलो. दगड तसेच पसरलेले होते, पण त्यांच्या मधून एक पट्टा साफ केलेला दिसला. एका चाकापुरता अरुंद, खालपासून वरपर्यंत. सरकणारे दगड उचलून कडेला लावले होते. बाभळीही छाटलेल्या होत्या.

वर सुभद्राबाई भेटली. मी विचारलं, "हे वाट कोणासाठी साफ केली?"

"पावसाळा झाला का आम्हीच करतो," ती म्हणाली. "बाई येईन ना कधी."

"अन् नाही आली तं?"

तिनं खांदे उडवले. "नाही आली तं बकऱ्या हायेत. त्यायलेही साफ वाट बरी वाटते."