गायब झालेलं सॉकेट

कॉम्प्युटर घ्यायला गेलं की लोक पडदा बघतात, मी आधी मशीन उलटं करून त्याची पाठ बघतो. दुकानदार वैतागतात. वैतागू देत. ही सवय मला ऐंशीच्या दशकात, नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात लागली. त्याआधी एकदाच मी पाठ न बघता मशीन आणलं होतं.

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात विजेच्या दुरुस्तीचं काम करायचो आणि घरी आलो की सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायचो. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, रेल्वेत तारबाबू होते. सगळी नोकरी मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये गेली. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण सांगता काही येईना. डाव्या हाताने लिहायला गेले की कागदावर नुसते कोंबडीचे पाय. चिडून पेन्सिल फेकून द्यायचे.

माझ्याकडे एक छोटा घरगुती कॉम्प्युटर होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा, मग तो चालायचा, लहर आली तर. पण त्याच्या मागे एक सॉकेट होतं. घंटेचं बटण जोडा, दिवा जोडा, काहीही जोडा, मशीनला ते कळायचं. आमच्यासारख्या हौशी माणसांचा सगळा जीव त्या सॉकेटात. मी जुन्या बाजारातून तार पाठवायची पितळी कळ शोधून आणली, मोर्सचा अख्खा तक्ता मशीनमध्ये भरला आणि कळ दादांच्या डाव्या हाताखाली ठेवली. त्यांनी आधी तिच्यावरून नुसतं बोट फिरवलं. मग टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, 'चहा गार.'

आई हसता हसता रडायला लागली. चहा मात्र तिने लगेच गरम करून आणला.

दादा तारेसारखंच बोलायचे, एक शब्द जास्तीचा नाही. 'भाजी खारट.' 'पंखा कमी.' एकदा नुसतंच, 'आई दमली.' आई म्हणायची, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एवढं कधी बोलले नव्हते हे."

दीडेक वर्ष असं सुखाचं गेलं. मग त्याच कंपनीचं नवं मॉडेल आलं. मेमरी मोठी, बटणं खरीखुरी, जुन्यासारखी रबरी आणि चिकट नाहीत. जुनं मशीन दिलं की दुकानदार बदल्यात नवं द्यायला तयार होता. मला राहवेना. मी दादांना विचारलं. टीव्हीवर आलं, 'घेऊन टाक.' ते त्यांचं त्या मशीनवरचं शेवटचं बोलणं.

नवं मशीन घरी आणलं, कळ जोडायला उलटं केलं, तर पाठ सपाट. टीव्हीचं भोक होतं, कॅसेटचं होतं. सॉकेट नव्हतं. धावत दुकानात गेलो, पण जुनं मशीन कुणीतरी दुपारीच घेऊन गेलं होतं. कोण ते दुकानदाराला ठाऊक नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं की ते सॉकेट फारच थोडे ग्राहक वापरत असल्याने सुधारित मॉडेलमधून काढून टाकण्यात आलं आहे. सुधारित म्हणे! ज्याचं जळतं त्याला कळतं. मी ते पत्र भिंतीवर डकवलं आणि मशीन खोलून बसलो. आतून वायर काढता येते का बघितलं, नाही जमलं. मग माइक लावून कळीचा आवाज कॅसेटच्या भोकातून आत घालायची युक्ती केली. ती चालली, पण कुकरची शिट्टी झाली की मशीन तीही अक्षर समजून छापायचं.

रोज कामावरून आलो की ताट घेऊन सरळ त्या टेबलाशी. दादा पलंगावर बसून चमच्याने पेल्यावर टकटक करायचे. ती मोर्सच असणार हे मला ठाऊक होतं, पण कळ लांब दाबली की आखूड ते जसं कळतं, तसं पेल्यावर काही कळेना. सगळी टकटक सारखीच. मी मान वर न करता हाताने 'थांबा' अशी खूण करायचो. माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून आईने पेल्याखाली रुमालाची घडी ठेवली.

सहा आठवड्यांनी एका रविवारी दादांचे जुने सोबती मनमाडहून भेटायला आले. तेही तारबाबूच. आईने चहा दिला. दादांनी चमचा उचलला आणि सुरू केलं. काकांची बशी ओठांपाशीच थांबली.

"अरे, हा तर बोलतोय की!"

"पण काका, त्यात लांब-आखूड कुठंय?" मी टेबलावरूनच म्हणालो.

"आम्ही आवाज कुठं मोजतो बाळा? दोन टकटकींच्या मधलं अंतर ऐकतो. लय सोपं असतं."

त्यांनी घडी काढून फेकली, दुसरा चमचा घेतला आणि बशीवर वाजवून उत्तर दिलं. दोघं म्हातारे भांडी वाजवत बसले. दादांचा डावा गाल हसत होता. मला मनापासून हेवा वाटला. मग काका वाजवायचे थांबले आणि माझ्याकडे वळले. आता ते हसत नव्हते.

"मी याला विचारलं, तुला काय त्रास होतोय का? तर म्हणतो, मला नाय. पोराला बघ. सहा आठवडे झाले, पोरगं घरात कुणाशी बोलत नाय."

मी आयर्नचा प्लग काढला आणि दादांच्या समोर जाऊन बसलो. माझी जीभ धडधाकट होती. मी विचारलं, "दादा, चहा गार झालाय का?"